एका पायावर उभा रोहित: चुकलेल्या टॅक्सिडर्मी नमुन्याच्या पायांची दुरुस्ती

ठाणे खाडीजवळच्या एका शैक्षणिक दालनासाठी वनविभागाच्या परवानगीने तयार केलेला छोट्या रोहिताचा, म्हणजे लेसर फ्लेमिंगोचा, टॅक्सिडर्मी नमुना (मृत पक्ष्याची कातडी कृत्रिम धडावर चढवून जिवंतासारखा उभा केलेला) दोन वर्षांतच दुरुस्तीला आला. पक्षी मागे रेललेला वाटतो आणि पेटीचे काचेचे दार उघडले की थरथरतो, एवढीच तक्रार होती. कातडी चांगली होती, पिसे गळलेली नव्हती, चोच आणि डोळे नीट बसवलेले होते. बिघाड सगळा पायांत होता. पण पायांच्या तारा वाकवून तो सुटणार नव्हता, कारण चूक झाली होती ती जागा पिसांच्या आड, धडात होती.

नमुना असा होता: डावा पाय जमिनीवर, उजवा उचललेला, मान उंच ताणलेली. जमिनीवरचा पाय पोटाखालून काठीसारखा सरळ खाली आलेला. उजवे पाऊल पुढे आलेले आणि बोटांमधला पडदा पूर्ण पसरलेला. पोटाच्या पिसांखाली पायाचा पिसे असलेला भाग सुमारे ६ सेंमी उघडा दिसत होता, त्यामुळे मुळातच लांब असलेले पाय आणखी लांब भासत. जमिनीवरच्या पायाची नळी चपटी पडून मागच्या बाजूला दोन खोल पन्हळी उमटल्या होत्या. तळव्याभोवती गंजाचा तपकिरी डाग होता.

ही पाच लक्षणे सुटी वाटतात. त्यांतली काठीसारखा सरळ पाय आणि पोटाखाली उघडा पडलेला भाग ही दोन एकाच कारणाची आहेत.

गुडघा कुठे असतो

पक्ष्याच्या पायाच्या मध्यावर जो सांधा मागे दुमडताना दिसतो, तो त्याचा घोटा. खरा गुडघा त्याच्या वर, बहुतेक पक्ष्यांत धडाच्या कातडीला चिकटून आणि पिसांखाली पूर्ण झाकलेला असतो. वरून खाली यायचे तर क्रम असा: नितंबाचा सांधा, मांडीचे आखूड हाड, गुडघा, मग नडगीचे लांब हाड, घोटा, पावलाची नळी आणि शेवटी बोटे. नडगीच्या हाडाला घोट्याची काही हाडे जुळून गेलेली असतात, म्हणून त्याला टिबिओटार्सस म्हणतात. घोट्याची उरलेली हाडे पावलाच्या हाडांशी जुळून एकच नळी बनते, ती टार्सोमेटाटार्सस. म्हणजे आपण ज्याला पक्ष्याची पोटरी समजतो ते त्याचे लांबलेले पाऊल असते, आणि पक्षी चालतो तो फक्त बोटांवर.

हे हातात घेऊन समजून घ्यायला कोंबडीवाल्याकडून पंजासकट गावठी कोंबडीचा अख्खा पाय आणावा. तंगडी म्हणून मिळते ते टिबिओटार्सस, तिच्या वरचा मांसल तुकडा म्हणजे मांडी, आणि कोंबडीवाला जिथे पंजा तोडतो तो घोटा. सांधे कोणत्या बाजूला किती वळतात हे एका संध्याकाळी बोटांना कळते, आणि ते कोणत्याही आकृतीवरून तितके नीट कळत नाही. नवख्याने तारेला हात लावण्यापूर्वी हे करावेच.

आता मांडीचे हाड. बहुतेक पक्ष्यांत ते खाली लोंबत नाही. नितंबाच्या सांध्यापासून ते जवळजवळ आडवे पुढे जाते, थोडे खाली आणि थोडे बाहेर झुकलेले. नितंबाचा सांधा धडाच्या मागच्या भागात असतो, तर छातीच्या मोठ्या स्नायूंमुळे शरीराचा भार त्याच्या पुढे असतो. मांडी आडवी असल्यामुळे गुडघा पुढे जातो, आणि त्याच्याखालचा सगळा पाय भाराच्या रेषेजवळ, म्हणजे शरीराचा तोल जिथे साधतो तिथून सरळ खाली जाणाऱ्या रेषेजवळ, येतो. पक्षी दोन पायांवर पुढे न कोलमडता उभा राहतो तो या आडव्या मांडीमुळे.

टॅक्सिडर्मीत नेमके हेच हाड हरवते. कातडी सोलताना पाय सहसा गुडघ्यात सोडवतात. टिबिओटार्सस कातडीबरोबर राहते, मांडीचे हाड मात्र धडाबरोबर टाकून दिले जाते. पुढे कृत्रिम धड तयार झाले की कारागिराच्या हातात गुडघ्यापासून खालचा पाय असतो आणि समोर एक गुळगुळीत अंडाकार पिंड. टिबिओटार्ससचे वरचे टोक थेट पिंडाच्या खालच्या बाजूला खुपसले की काम झाल्यासारखे वाटते. या नमुन्यात तेच झाले होते, शिवाय नितंबाच्या सांध्याच्या जागेपेक्षा ४ सेंमी मागे. मांडीची आडवी लांबी नाहीशी झाली, जमिनीवरचे पाऊल मागे गेले, आणि धडात लपायला हवा होता तो पायाचा भाग पोटाखाली लोंबला.

ओळंब्याची चाचणी

पाऊल भाराच्या रेषेत आहे का, हे डोळ्याने ठरवू नये. सोलण्यापूर्वी मृत पक्षी, मान ज्या ठेवणीत हवी त्या ठेवणीत दुमडून, एका बारीक सळईवर आडवा तोलावा आणि तोल साधतो ती जागा पिसे बाजूला करून कातडीवर खुणेने नोंदवावी. नितंबाच्या सांध्यापासून तिचे अंतर लिहून ठेवावे. मूळ कारागिराने अशी नोंद ठेवली नव्हती. म्हणून परवानगीने गोठवून ठेवलेला त्याच जातीचा दुसरा मृत पक्षी वापरला: आधी आडव्या बाजूने एक्स-रे, मग वितळवून मान दुमडून तोल. भाराची रेषा नितंबाच्या सांध्याच्या सुमारे ६ सेंमी पुढे आली. मांडीचे हाड ८ सेंमी. नमुन्यातले टिबिओटार्सस २४ आणि पावलाची नळी २१ सेंमी.

नमुन्याच्या धडावर ती जागा खुणावून तिथून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेले वजन, सोडला, तर तो बोटांच्या मुळापासून १० सेंमी पुढे पडला. मधले बोट साधारण ७ सेंमीचे. म्हणजे ओळंबा बोटाच्या टोकाच्याही ३ सेंमी पुढे. जिवंत पक्षी असा क्षणभरही उभा राहू शकत नाही. कारागिराला हे कुठेतरी जाणवले असणार, कारण त्याने धड वर उचलून मान ताणली होती. पक्षी मागे रेललेला दिसत होता तो त्यामुळे.

नमुना असा पडत का नाही, हा प्रश्न योग्य आहे. त्याची तार फळीत घट्ट बसवलेली असते आणि आत मांसाऐवजी हलका पिंड असतो. तो कोणत्याही अशक्य कोनात उभा राहतो, आणि म्हणूनच ही चूक कार्यशाळेतून सहज बाहेर पडते. पाहणाऱ्याला शरीरशास्त्र ठाऊक नसले तरी तोल गेलेला त्याला लगेच खटकतो.

एका पायाचे गणित वेगळे

रोहित एका पायावर उभा राहतो तेव्हा फक्त दुसरा पाय वर जातो असे नाही. जमिनीवरचे पाऊलही जागा बदलते. ते कुल्ल्याच्या खाली न राहता शरीराच्या मध्यरेषेखाली सरकते. २०१७ साली यंग-हुई चँग आणि लीना टिंग या अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये याचे मोजमाप मांडले. फ्लेमिंगोचे मृत शरीर एका पायाच्या ठेवणीत, पाऊल शरीराखाली असताना, स्नायूंच्या कोणत्याही जोराविना स्थिर राहिले. दोन पायांच्या ठेवणीत ते तसे राहिले नाही. टॅक्सिडर्मी करणाऱ्यासाठी यासारखी उपयोगी माहिती क्वचित मिळते: मृत शरीरच सांगते की पाय कुठे ठेवायचा.

म्हणून समोरून पाहिल्यास एकपायी रोहिताचा पाय सरळ उभा नसतो, तो वरून खाली आतल्या बाजूला झुकतो. नितंबाचा सांधा मध्यरेषेपासून सुमारे ३ सेंमी बाजूला, गुडघा आणखी थोडा बाहेर, आणि पाऊल मध्यरेषेवर. ४५ सेंमी लांबीत साडेतीन सेंमी आत यायचे म्हणजे झुकाव ४ ते ५ अंशांचा. आकडा लहान असला तरी तो नसेल तर पक्षी बाजूला कलल्यासारखा दिसतो आणि दोष कुठे आहे ते सापडत नाही.

मानेचाही प्रश्न होता. एकपायी ठेवण मुख्यतः विश्रांतीची. मान उंच ताणून सावध झालेला रोहित पुढच्या क्षणी चालणार किंवा उडणार असतो, आणि त्याला दोन्ही पाय लागतात. विश्रांतीचा पाय आणि सावध मान एकत्र आल्या तर नमुन्याचे दोन भाग दोन वेगवेगळ्या क्षणांचे होतात. डोके पाठीच्या पिसांत खुपसलेली ठेवण सर्वांत खरी झाली असती, पण दालनाला चोच दिसायला हवी होती, कारण गाळून खाण्याची रचना तिच्यावरच समजावतात. म्हणून मान सैल नागमोडी वळणात खाली आणून चोच छातीकडे वळवायचे ठरले. शिवडीच्या आणि ऐरोलीच्या चिखलात भरतीची वाट पाहणाऱ्या थव्यांत अशी ठेवण भरपूर दिसते.

उघडणे आणि भिजवणे

पोटाची शिवण उसवून लाकडी लोकरीचा, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा, जुना पिंड काढला. कातडीवर टाकणखार वापरलेला होता, त्यामुळे दोन वर्षांनंतरही ती पाण्याने मऊ होऊ शकत होती. जुन्या संग्रहातला, कागदपत्र नसलेला नमुना असेल तर त्यावर आर्सेनिकचा विषारी साबण लावलेला असण्याची शक्यता धरूनच काम करावे: तपासणी होईपर्यंत हातमोजे आणि मुखपट्टी, आणि कोरडे झटकणे अजिबात नाही.

पायांवर मीठ आणि थोडे जंतुनाशक घातलेल्या पाण्यात भिजवलेला कापूस गुंडाळून वर प्लास्टिक बांधले. धडाच्या कातडीला आतून ओले फडके लावले. पायांना तीन दिवस लागले, कातडीला दीड. हे काम एका ठराविक वेळेचे नाही: दर बारा तासांनी घोटा हलकेच वाकवून पाहावा आणि तो विनासायास वळू लागला की लगेच थांबावे. मुंबईच्या उकाड्यात एक दिवस जास्त झाला तर पिसांची मुळे सुटतात आणि पायावरचे खवले साल निघावे तसे सुटे होतात. या पक्ष्याच्या डाव्या नळीवर पुढच्या बाजूने ३ सेंमी खवले सुटलेच. भिजवण्याचा भाग थंड खोलीत, १५ अंशांच्या आसपास केला तर हा धोका बराच कमी होतो.

नळी चपटी का पडली, ते आता दिसले. मागच्या बाजूचे स्नायुबंध आतच ठेवलेले होते. ते वाळून आक्रसतात आणि कातडी आत ओढतात, तेच पन्हळींचे कारण. तळव्याच्या गादीवर दीड सेंमी आणि घोट्यामागे २ सेंमी छेद घेऊन आकड्याने ते एकेक ओढून काढले. पुढच्या बाजूचे स्नायुबंध बारीक असतात, कातडीही तिथे हाडाला घट्ट असते, ते सोडून द्यावेत. मोकळ्या जागेतून तार जाते, आणि उरलेली पोकळी नंतर भरायची असते.

तार

जुनी तार १२ नंबरची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी, सुमारे २.६ मिमी जाडीची. एक मीटरच्या आतबाहेर उंचीचा पक्षी एका पायावर उभा करायला ती कमी पडते. थरथर त्यामुळे होती. तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर वाढतो, म्हणून २.६ वरून ३.२ मिमीवर गेले की तो सव्वादोन पटींहून जास्त होतो, आणि नळीत एवढी जाडी अजून मावते. ४ मिमी मावत नाही, कातडी फाटते.

जीआय तारेवरचा जस्ताचा थर टोकाला कानस लावल्यावर निघून जातो, आणि खारट ओल्या कातडीत उघडे लोखंड गंजते. तळव्यावरचा डाग तिथूनच पाझरला होता. बदल्यात टिग वेल्डिंगची ३.२ मिमी स्टेनलेस सळई घेतली. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर ती एक मीटर लांबीत मिळते, सरळ असते आणि गंजत नाही. हिशेब असा: फळीत ८ सेंमी, नळी २१, टिबिओटार्सस २४, मांडी ८, धडातून १५, टोकाला वळवून अडकवायला ६. एकूण ८२, म्हणजे एका सळईत काम होते. उचललेल्या पायाला भार नसतो, तिथे २.४ मिमी पुरते.

सळईला टोक काढून ती तळव्यातून वर घातली, नळीच्या मागून, घोट्याच्या मागच्या छेदावर नजर ठेवून पुढे, मग टिबिओटार्ससच्या मागे. हाडाला ती तीन ठिकाणी मेणलावल्या दोऱ्याने आवळून बांधली. सैल बांधली तर हाड तारेभोवती फिरते आणि पाऊल बाहेर वळते. त्यावर कापसाचे पेळू गुंडाळून स्नायूंचा उतार दिला: वर जाड, खाली झपाट्याने निमुळता.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. टिबिओटार्ससच्या वरच्या टोकाशी, म्हणजे गुडघ्यात, सळई दोन पकडींनी मागे वळवली आणि पुढचे ८ सेंमी आडवे ठेवले. ती आडवी तार म्हणजेच हरवलेले मांडीचे हाड. तिचे मागचे टोक नितंबाच्या सांध्याच्या जागी धडात शिरते, गुडघ्याच्या जागी नाही. या पक्ष्यात मांडी आडव्या रेषेपासून २० अंश खाली, टिबिओटार्सस उभ्या रेषेपासून १० अंश मागे, नळी उभी, असे ठेवले. गुडघ्यात १०० अंश आणि घोट्यात १७० अंश येतात. बोटांचे मूळ त्यामुळे नितंबाच्या सांध्याच्या साधारण सव्वातीन सेंमी पुढे येते, आणि भाराची रेषा मधल्या बोटाच्या मध्याच्या किंचित अलीकडे पडते. घोटा १८० अंशांपर्यंत ताणू नये. पूर्ण सरळ पाय दुरून खांबासारखा दिसतो, आणि १८० च्या पलीकडे गेला तर पक्ष्याला माणसाचा गुडघा बसवल्यासारखे होते.

नवा पिंड पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा कोरला, एक्स-रेवरून काढलेल्या रेषेप्रमाणे. दोन्ही बाजूंना मांडीचा उंचवटा आणि तार बसायला खाच ठेवली. नितंबाच्या रेषेत १२ मिमी प्लायवुडचा तुकडा आत चिकटवला, कारण नुसत्या फोममध्ये तार वळवून अडकवली की काही महिन्यांत ती सैल होते. कातडी चढवल्यावर कुशीची पिसे मांडीच्या पिसांवर येतील अशी ओढून घेतली. गुडघा योग्य जागी असेल तर ही पिसे आपसूक जुळतात. ती ओढूनताणून जुळवावी लागत असतील तर गुडघा चुकलेला आहे असे समजावे आणि टाके घालण्यापूर्वी थांबावे.

पावले

उचललेल्या पायाचा घोटा शेपटीखाली मागे निघालेला असतो, नळी पुढे वळून पोटाखाली टिबिओटार्ससला जवळजवळ समांतर येते, आणि पाऊल पोटाच्या पिसांत जाते. बोटे जवळ येतात आणि पडदा मिटलेल्या छत्रीसारखा घड्या घालून बसतो. जुन्या नमुन्यातला पसरलेला पडदा तिथे शक्यच नव्हता. पडद्याच्या घड्या ओलसर असतानाच बोटांनी बसवून वर मऊ दोरा सैल गुंडाळावा, वाळल्यावर काढावा.

जमिनीवरचे पाऊल उलट, पूर्ण पसरलेले. पुढची तीन बोटे टाचण्यांनी थर्माकोलवर रोवली, पडद्यावर ओलसर कागदाची पट्टी ठेवली, म्हणजे तो वाळताना वर गोळा होत नाही. मागचे चौथे बोट छोट्या रोहितात असते, पण बारीक आणि वर चढलेले. ते जमिनीला टेकवू नये. चिखलाच्या पायथ्यात बोटे किंचित रुतलेली दाखवावीत, नाहीतर भार जाणवत नाही. खाडीचा खरा चिखल वापरायचा मोह टाळावा. त्यातले मीठ पावसाळ्यात हवेतून ओल ओढत राहते. फेविकॉल, बारीक भुसा आणि रंगभुकटी यांचा लगदा पुरतो.

नळीतली पोकळी मागच्या छेदातून एपॉक्सी पुट्टीने भरली. घोट्याचा गोलसर फुगीरपणा जिवंत पक्ष्यांच्या फोटोंवरून घडवला. सुटलेल्या खवल्यांच्या जागी पुट्टीचा पातळ थर देऊन ती घट्ट होण्याआधी सुईने आडव्या रेषा कोरल्या.

वाळवायला वातानुकूलित खोलीत ५० टक्के आर्द्रतेत तीन आठवडे लागले. पावसाळ्यात मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर असते. उघड्यावर ठेवलेला पाय वरून वाळतो, आत ओला राहतो आणि महिन्याने घोट्याशी तडकतो. रोज वजन करावे, सलग चार दिवस ते बदलले नाही की रंगाला घ्यावा. मृत पक्ष्याच्या पायाचा गुलाबी तांबडा रंग उडून तपकिरी होतो. ॲक्रिलिकचे पाच पातळ थर, घोट्यावर आणि बोटांच्या सांध्यांवर जरा गडद, शेवटी अर्धवट चमकीचा थर. एकाच जाड थरात रंगवलेला पाय प्लास्टिकचा वाटतो.

दुरुस्तीनंतर ओळंबा मधल्या बोटावर पडला आणि दार उघडताना थरथर जाणवली नाही. दोन गोष्टी मात्र तशाच राहिल्या. कुशीजवळ जुन्या ताणाने कातडी पातळ झाली आहे, आणि मानेच्या मागे तीन पिसांची जागा मोकळी आहे, ती मान वळवल्यामुळे आता बरीचशी झाकली जाते.

दालनाला दिलेल्या सूचना थोड्या आहेत. प्रकाश ५० लक्सच्या आसपास आणि अतिनील किरणे गाळलेला, कारण गुलाबी रंग अन्नातून आलेल्या कॅरोटीनॉइडचा असतो आणि उन्हाने विटतो. पेटीत सिलिका जेल, रंग बदलला की वाळवून पुन्हा. दर ऑक्टोबरमध्ये भिंगाने घोट्याच्या मागची रेषा आणि तळवा तपासायचा. हलवताना पक्षी धडाला धरून उचलायचा नाही, तसे केले तर पायथ्याचे सगळे वजन गुडघ्यातल्या वाकावर येते. दोन जणांनी फळी खालून धरायची आणि कायद्याने लागणारे वनविभागाचे परवानगीपत्र सोबत ठेवायचे.